पाच नाकं

अंतराळात माणसांबरोबर जाणारी प्रत्येक वस्तू आधी कुणीतरी हुंगावी लागते, आणि आमच्या संस्थेत ते काम अठरा वर्षं मी केलं. नवीन ओळख झालेला माणूस विचारतो, "आपण काय करता?" मी सांगतो, "वास घेतो." मग तो ओठ दाबून हसतो आणि मला त्याचा संताप येतो. रॉकेटवाल्यांना कुणी हसत नाही. रॉकेट नऊ मिनिटं चालतं आणि संपतं. त्यानंतर महिनाभर त्या डब्यात जी चार माणसं कोंडलेली असतात, त्यांच्या छातीत काय जातंय हे बघणारे आम्ही. आमचा फोटो कधी कुणी छापला नाही.

त्या डब्याची खिडकी उघडता येत नाही, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. घराला नवा रंग दिला की आपण दारं-खिडक्या सताड उघडी टाकतो आणि दोन दिवस कुरकुर करतो. तिथे एकच हवा. तीच फिरवायची, तीच गाळायची, तीच पुन्हा घ्यायची. फोम, गोंद, प्लास्टिक, रबर, सगळ्यांतून थोडं थोडं काहीतरी सुटत असतं. खाली ते वाऱ्यावर जातं, तिथे साचतं. शिवाय वर वजनच नसल्यामुळे गरम हवा वर जात नाही आणि गार हवा खाली येत नाही. पंखा मंद असला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडापुढे त्याचाच उच्छ्वास थांबून राहतो. आणखी एक म्हणजे वर गेल्यावर अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं. चेहरा सुजतो, नाक चोंदतं, सर्दी झाल्यासारखं. म्हणजे ज्यांना वास यायला हवा, त्यांनाच तो येत नाही. त्यांच्या वाटचा वास आम्ही इथे घेऊन ठेवायचा.

यंत्रं आहेत की, असं प्रत्येक नवा साहेब म्हणतो. आहेत ना. पण यंत्राच्या यादीत ऐंशी वायू आहेत, आणि एक्याऐंशीवा आला की ते गप्प बसतं. नाकाला यादी लागत नाही. तीन वर्षांपूर्वी कॅमेऱ्याच्या एका पट्ट्याला यंत्राने पास केलं आणि मी हुंगताक्षणी खुर्ची मागे ढकलली. पुन्हा तपासलं तर त्याच्या गोंदात भलतंच काही निघालं. तेव्हापासून संस्थेत माझ्या नाकाचा दबदबा झाला. मलाही तो चढला, खोटं कशाला बोलू?

पद्धत साधी आहे. वस्तूचा तुकडा काचेच्या बरणीत बंद करून तीन दिवस गरम ठेवायचा. मग बरणीतली हवा सिरिंजने ओढायची आणि मास्कमधून पाच जणांना एकेक करून द्यायची. पाचही जणांचं हुंगून झालं की घंटी वाजते आणि सगळे एकदम चिठ्ठीवर अंक लिहितात. वास नाही, शून्य. जेमतेम, एक. स्पष्ट, दोन. नकोसा, तीन. सहन न होणारा, चार. सरासरी अडीचच्या वर गेली की वस्तू बाद. आमच्या पाचांत मी, संस्थेच्या ग्रंथपाल बाई, एक वेल्डर, एक ड्रायव्हर आणि हिशेब खात्यातला एक अबोल गृहस्थ. मुद्दामच वेगवेगळ्या कामांतले लोक घेतात. त्या दिवशी कुणी अत्तर लावायचं नाही, कॉफी प्यायची नाही, कांदा खायचा नाही.

नियमाप्रमाणे पाचांच्या मध्ये पडदे हवेत, म्हणजे कुणाचा चेहरा कुणाला दिसू नये. दोन वर्षांपूर्वी पडदे धुवायला गेले, ते परत लागलेच नाहीत. गोल टेबलाभोवती बसायला बरं वाटायचं. ग्रंथपाल बाई कुणाची तरी फजिती सांगायच्या, वेल्डर खोखो हसायचा, मग घंटी वाजायची. कुणी तक्रार केली नाही. मीही केली नाही, आणि प्रमुख मी होतो.

सगळी संस्था मला मामा म्हणते. त्याला कारण माझी भाची. ती आमच्याच संस्थेत इंजिनियर म्हणून लागली आणि पहिल्याच दिवशी कँटीनच्या या टोकावरून त्या टोकाला "मामाऽ" म्हणून ओरडली. झालं, तेव्हापासून मी जगाचा मामा. उंचीने ती एवढीशी, म्हणून घरात तिला आम्ही टिल्ली म्हणतो. यानाच्या खुर्चीत बसायला जेवढी कमीत कमी उंची लागते, त्याच्यापेक्षा ती एका बोटाने जास्त भरली. निवड झाल्याचं कळलं तेव्हा तिने फोनवर पहिलं वाक्य हेच सांगितलं, "मामा, एका बोटाने!"

माझी थोरली बहीण, म्हणजे टिल्लीची आई, ते ऐकून दोन दिवस जेवली नाही. टिल्ली चार वर्षांची असताना भावजी गेले, आणि त्यानंतर ताईने या एका पोरीवर जीव टांगून ठेवला. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. चपला न काढता दारातच उभी राहिली.

"तू सांग. जाऊ देऊ?"

"ताई, रॉकेटचं मला काही कळत नाही," मी म्हटलं. "पण तिच्याबरोबर जाणारी एकेक वस्तू माझ्या नाकाखालून जाईल. दोऱ्यापासून दरवाजाच्या रबरापर्यंत. मी घाण काही तिच्याजवळ फिरकू देणार नाही."

"तू स्वतः?"

"मी स्वतः."

तेव्हा कुठे ती चपला काढून आत आली आणि पाणी प्यायली.

दोन महिन्यांनी मला ताप आला. चार दिवसांत उतरला. पाचव्या सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो, आणि शेजारीण दार बडवायला लागली. गॅसवरचं दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं होतं. स्वयंपाकघर धुराने भरलेलं, करपट वास शेजारपर्यंत पोचलेला. मी बाजूच्याच खोलीत आरामात पेपर वाचत होतो.

डॉक्टर म्हणाले, "तापानंतर जातो कधी कधी. येईल परत."

"आणि नाही आला तर?"

"काहींचा नाही येत," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नियम असा की नाकात जरा बिघाड वाटला तर त्याच दिवशी कळवायचं आणि बाजूला व्हायचं. मी कळवलं नाही. थोडा अहंकार होता, तो मी नाकारत नाही. अठरा वर्षं ज्या एका अवयवावर मिरवलो, तो गेला असं कुठल्या तोंडाने सांगणार? पण खरं कारण ताई. बाजूला झालो असतो तर टिल्लीचं सामान दुसऱ्या कुणाच्या नाकाखालून गेलं असतं, आणि ताईला तोंड दाखवायची सोय राहिली नसती. दिलेला शब्द पाळायचा म्हणून मी खुर्चीला चिकटून राहिलो. आज हे वाक्य लिहिताना मला माझीच किळस येते.

दर चार महिन्यांनी आमची परीक्षा असायची. दहा बाटल्या, त्यांतल्या सात वासाच्या, तीन नुसत्या पाण्याच्या. कुठल्या बाटलीत काय ते ओळखायचं. बाटल्या भरायचं आणि मांडायचं काम प्रमुखाचं, म्हणजे माझं. मी पास झालो.

रोजच्या कामात मी एक युक्ती काढली. पूर्वी पहिला मास्क माझा असायचा. आता म्हणालो, "मी शेवटी घेतो. तुमची नाकं ताजी आहेत, आधी तुम्ही." आणि मग मी चेहरे वाचायला लागलो. ग्रंथपाल बाईंचे ओठ मुडपले की दोन. वेल्डरचं कपाळ आकसलं की तीन. कुणाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही की एक. स्वतःच्या पाळीला मास्क लावून डोळे मिटायचो, श्वास ओढायचो, आणि आत नुसती कोरडी हवा जायची. घंटी वाजली की लिहायचं. चार शहाणी नाकं शाबूत आहेत, पाचव्याने काय बिघडतं, अशी मी मनाची समजूत घातली होती. चेहरे मात्र दिवसेंदिवस शांत होत गेले. मला वाटलं, माल सुधारला.

मंगळवारी यान गेलं. ताई आणि मी संस्थेच्या गच्चीवरून पाहिलं. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की संध्याकाळपर्यंत वळ राहिले. गुरुवारी घरच्यांना यानातल्यांची तब्येत बघणाऱ्या डॉक्टरांचं पत्रक आलं. चौघांनाही डोकेदुखी आणि मळमळ आहे, पहिल्या आठवड्यात ती सगळ्यांनाच होते, काळजीचं कारण नाही. त्याच दिवशी टिल्लीने ताईला चार ओळी धाडल्या होत्या. झोपून उठलं की डोकं फार ठणकतं, पुढच्या भागात कामाला गेलं की जरा उतरतं, बाकी मजेत. ताईने त्या मला तीनदा वाचून दाखवल्या.

"उठल्यावर का रे ठणकत असेल?"

"पत्रकात लिहिलंय ना, सगळ्यांनाच होतं," मी म्हणालो.

शुक्रवारी आमच्या खोलीत छोटासा चहा झाला. यान सुखरूप गेलं म्हणून केक कापला. काम नव्हतं, सगळे सैल सुटले होते. ग्रंथपाल बाई अगदी रंगात आल्या.

"आता यान गेलंय म्हणून सांगते हं, मामा. रागावू नका. मला दोन आणि तीनमधला फरक आयुष्यात कळलेला नाही. मी आपली तुमची डावी भुवई बघते. ती वर गेली की तीन, नाहीतर एक."

वेल्डरने टेबलावर थाप मारली. "बाई, तुम्हीपण? अहो, मला वाटलं मी एकटाच चोर! धुरात हयात गेली माझी. दहा वर्षं झाली, मला धड वास येतच नाही."

"मग परीक्षा?" मी विचारलं.

"तुम्ही पाण्याच्या तीन बाटल्या कायम डावीकडे मांडता, मामा. सवय आहे तुमची. बाकीच्या रंगावरून कळतात."

ड्रायव्हर मान खाली घालून हसत होता. हिशेबवाले गृहस्थ कधी नव्हे ते बोलले. "मामांचं नाक असल्यावर आपलं कशाला हवं?"

सगळे हसले. मीही हसलो. न हसण्याचं कारण सांगावं लागलं असतं. सात महिने मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो आणि ते माझ्या चेहऱ्याकडे. त्या खोलीत वास घेणारं कुणीच नव्हतं.

शनिवारी सुट्टी होती. मी एकटाच गेलो आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. सात महिन्यांत दोनशे बारा वस्तू. त्याआधी महिन्याला दोन-तीन तरी बाद व्हायच्या. या सात महिन्यांत एकही नाही. ओळीच्या ओळी एकसारख्या: एक, एक, एक, एक, एक. कुणाला संशय आला नाही. उलट पुरवठा विभागाने कारखानदारांना मालाचा दर्जा वाढल्याबद्दल अभिनंदनाचं पत्र धाडलं होतं. त्याची प्रत आमच्या भिंतीवर होती. ती मीच लावली होती.

प्रत्येक वस्तूचा एक तुकडा कोठीत जपून ठेवतात. टिल्ली ज्या भागात झोपते तिथल्या वस्तूंच्या त्रेचाळीस बरण्या मी निवडल्या, दोन पिशव्यांत भरल्या आणि घरी आणल्या. हा गुन्हा होता. पण हुंगायचं कुणी? माझ्या ओळखीत शाबूत नाक एकच होतं. लहानपणी शेजारच्या घरात काय शिजतंय ते ताई अंथरुणातून सांगायची.

रविवारी दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात बरण्या मांडल्या. एका मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात त्या गरम केल्या.

"हे काय मांडलंयस?"

"ऑफिसचं काम आहे. माझं नाक जरा दमलंय. तू फक्त सांग, काय येतं ते."

"मला चालतं का असलं?"

"चालतं."

ती खूश झाली. पदर खोचून बसली. तिला वाटलं, पोरीच्या कामात आपलाही हात लागतोय. "काही नाही... काही नाही... नवीन वहीसारखा... काही नाही..." तीस बरण्या अशा गेल्या आणि माझा जीव जरा खाली बसला. मी म्हटलंसुद्धा मनात, सुटलो बहुतेक.

एकतिसावी बरणी तिने उघडली, वाकली, आणि काही बोलली नाही. मग एकदम मागे सरली. स्टूल पडलं. ती खोकत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"शी! अरे, काय आहे हे?"

"काय येतंय? नीट सांग."

"नेलपॉलिश सांडल्यासारखं... नाही, त्याच्याखाली आणखी काहीतरी आहे. झाक ते आधी. कुठली वस्तू आहे ही?"

मी झाकणावरचा आकडा वाचला. झोपायच्या कप्प्याच्या भिंतीला चिकटवलेलं अस्तर. डोकं टेकतं तिथेच ते असतं, आणि गालाची ऊब लागली की त्यातून जास्त सुटतं.

"बाद झालेली आहे," मी म्हणालो.

"बरं झालं बाई. वर नाही ना गेली?"

मी नळ सोडला आणि हात धुवायला लागलो. माझ्या हातांना काही लागलेलं नव्हतं.

गॅलरीत जाऊन मी यानाच्या डॉक्टरांना फोन लावला. सांगितलं की कोठीतल्या तुकड्याची पुन्हा तपासणी केली, वास भयंकर आहे.

"तुम्ही स्वतः अंक किती दिला?"

"चार," मी म्हणालो. त्या क्षणीसुद्धा मला खरं बोलवलं नाही.

मग मात्र चक्रं हलली. संध्याकाळपर्यंत कळलं की कारखान्याने मध्येच गोंद बदलला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या गुंडाळीचं अस्तर चांगलं, दुसरीचं खराब. कप्प्यांना एकूण एकोणीस पट्ट्या लावलेल्या, त्यांतल्या सात दुसऱ्या गुंडाळीच्या. कुठल्या सात, ते पट्टीच्या पाठीवर छापलेलं, आणि पाठ भिंतीला चिकटलेली. यानातल्या हवेच्या यंत्रात सगळे दिवे हिरवे होते, कारण ते चारच वायू मोजायचं आणि हा त्यांतला नव्हता. हवाबंद पिशव्या होत्या चार, एकीत फार तर दोन पट्ट्या मावणार. फाडलेला गोंद आणखी जोरात वायू सोडतो, तेव्हा अंदाजाने फाडून बघायची सोय नव्हती. पुढच्या भागात जाऊन झोपा म्हणावं, तर तिथे थोडा वेळ बरं वाटेल एवढंच, शेवटी हवा सगळीकडे तीच फिरते. यान परत समुद्रात उतरवायचं, तर त्यांना उचलून घेणारी जहाजं जागेवर यायला नऊ दिवस लागणार होते.

सोमवारी अकरा वाजता घरच्यांशी बोलायची टिल्लीची वेळ होती. डॉक्टरांनी ताईला एवढंच सांगितलं होतं की अस्तराची काही तक्रार आहे. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. स्वयंपाकघरातली बरणी तिला आठवली असणारच. छोटी खोली, एक पडदा, एक खुर्ची समोर आणि एक बाजूला. समोर मी बसलो, कारण प्रश्न मला होते. डॉक्टर मागे उभे राहिले.

टिल्लीचा चेहरा सुजून गोल झाला होता. डोळे लाल. केस चारी बाजूंना तरंगत होते, आणि एरवी त्यावर तिने स्वतःच दहा विनोद केले असते.

"आई, किती वाजले तिकडे?"

"अकरा वाजून गेले गं. कशी आहेस?"

"बरी आहे. सगळे एकमेकांवर खेकसतायत. काल मी चमचा फेकून मारला एकाला." ती थांबली. "किती वाजले म्हणालीस?"

ताईने वेळ पुन्हा सांगितली. डॉक्टर मागे काहीतरी लिहून घेत होते.

"मामा, वेळ कमी आहे. ऐक," टिल्ली म्हणाली. शब्द ओढून आणल्यासारखे येत होते. "आम्ही चौघं भिंतींना नाकं घासतोय, कुणाला काही येत नाही. नाकं चोंदलीत. पण डॉक्टर म्हणतात, नाक चोंदलं तरी टोचणं कळतं. तू घेतलायस तो वास. चार दिलेस ना? मग सांग. लगेच टोचतो की उशिरा? नाकात, घशात, की डोळ्यांना? त्यावरून आम्ही सात पट्ट्या शोधतो."

नेलपॉलिश, असं मी म्हणू शकत होतो. ताईचे शब्द होते माझ्याकडे. पण कुठे टोचतो, कधी टोचतो, हे तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. काहीतरी ठोकून द्यावं असं एक क्षण मनात आलं, आलं हे मी लपवत नाही. नाकात म्हटलं असतं तर तिने नाकावर भरवसा ठेवून चांगल्या पट्ट्या फाडल्या असत्या.

"मामा? आवाज येतोय का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"काय?"

"मी वास घेतलेला नाही, टिल्ली. मला वास येतच नाही. सात महिने झाले."

डॉक्टरांचं पेन थांबलं. पडद्यावर ती तशीच तरंगत होती, बोलणं पोचायला लागतो त्याहून जास्त वेळ.

"मग माझी झोपायची पिशवी?" तिने विचारलं. "जेवणाची पाकिटं? उतरताना घालायचा सूट?"

"कुणीच नाही घेतला. दोनशे बारा वस्तू. आम्हा पाचांतल्या कुणीच नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि तिला ते नीट समजलंय की डोकं जड असल्यामुळे अजून पोचायचंय, तेही मला कळेना. मी ताईकडे बघायचं टाळत होतो. मला वाटलं, ती मला मारेल. मारावं असंच वाटत होतं.

"सरक," ताई म्हणाली.

मी उठलो. ती माझ्या खुर्चीत बसली, पडद्याच्या अगदी जवळ ओढून घेतली.

"टिल्ले, मी घेतलाय तो वास. काल. माझ्याकडे बघ. आधी काही लागत नाही. तीन मोजेपर्यंत काही नाही. मग घशाच्या मागे खवखवतं, आणि मग डोळ्यांत पाणी येतं. कळलं? आधी घसा."

"आई, तू कशी..."

"ते नंतर. पहिल्या पट्टीपाशी जा. तोंड बंद ठेव. नाकाने जेवढं ओढवेल तेवढं ओढ. मी मोजते."

टिल्ली भिंतीकडे वळली. तिची पाठ दिसत होती, आणि पट्टीवर टेकलेला हात.

"एक. दोन. तीन."

"खवखवतंय," टिल्ली म्हणाली. डॉक्टरांनी आकडा लिहिला.

"शाब्बास. पुढची. एक. दोन. तीन."

"खवखवतंय."

"पुढची."

ती तिसरीपाशी सरकली. ताईने मोजलं. टिल्लीने घसा खाकरला, मग पुन्हा खाकरला, आणि भिंतीला धरून आमच्याकडे वळली. डोळ्यांत साचलेलं पाणी खाली ओघळत नव्हतं, तिथेच फुगून बसलं होतं.

"आई, मोजायच्या आधीपासूनच खवखवतंय. कालपासून. सगळीकडेच."

डॉक्टरांनी लिहिलेले दोन आकडे खोडले. ताईने मागे वळून पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही आणि त्यांच्याकडेही नाही.

"असू दे," ती म्हणाली. "चौथीपाशी जा."

आणि तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.